बाबांचा बंधारा फोडायला गडचिरोलीला

आमच्या हॉलमध्ये देवाचा फोटो लहान आहे आणि बंधाऱ्याचा मोठा. बत्तीस वर्षांपूर्वी बाबा सरकारी खात्यात ज्युनियर इंजिनिअर असताना गडचिरोलीच्या जंगलातल्या एका नाल्यावर त्यांनी हा बंधारा बांधला. फोटोत ते भिंतीवर कमरेला हात लावून उभे आहेत, मिशी आहे, पोट नाही. घरी आलेल्या माणसाने चपला काढायच्या आत बाबा त्याला या फोटोसमोर उभं करतात. गॅस सिलिंडरवालाही यातून सुटलेला नाही. नंतरच्या नोकरीत त्यांनी टेबलावरच्या फायलीच जास्त हलवल्या, त्यामुळे स्वतःच्या हाताने उभं केलेलं असं हे एकच.

आणि मार्च महिन्यात एका सकाळी फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही नसतं.

"साहेब, राम राम. रैनू बोलून राह्यलो, ग्रामसभेचा अध्यक्ष. तुमचा बंधारा फोडून राह्यलो जी आमी."

"काय करून राह्यले?"

"फोडून. ठराव झाला, खात्याचा कागद बी आला. त्याच्यानं मासोळ्या वर जात नाई. पन तुमी आल्याबिगर कोनी हात लावत नाई."

ही भानगड नंतर कळली. त्या गावात उन्हाळ्यात नाल्याला दगडमातीचा बांध घालून मासे धरतात. त्यातला पहिला दगड ज्याने ठेवला, त्यानेच तो सोडवताना पहिला दगड काढायचा, असा रिवाज. एकदा म्हणे पहिला दगड ठेवणारा गडी रागावून सासुरवाडीला जाऊन बसला, तर अख्खं गाव आठ दिवस त्याची मनधरणी करत होतं. आमच्या बंधाऱ्याच्या वेळी मोठ्या साहेबांची जीप चिखलात रुतली आणि पहिला दगड बाबांनी ठेवला. झालं! आता हातात कागद असून, मशीन ठरलेली असून गाव बाबांचा फोन नंबर शोधत बसलं होतं.

आईचा पोह्यांवर सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकणारा हात थांबला. वाटलं, बाबा आता फोन आपटतील. पण ते शांतपणे म्हणाले, "येतो." मला तिथेच संशय यायला हवा होता.

नागपूरहून सकाळी सहाला निघालो. गाडी मी चालवत होते. उमरेड, भिवापूर, नागभीड आणि तिथून आरमोरीवरून गडचिरोली, हा जवळचा रस्ता. पण बाबांना सिंदेवाही-मूलवरून जायचं होतं, कारण त्या रस्त्यावर त्यांच्या ओळखीचे पूल आहेत. हो, पूल. माणसं नव्हेत. तुम्ही निवृत्त इंजिनिअर घेऊन या भागात येणार असाल तर वेळेच्या हिशेबात दोन तास जास्तीचे धरा. रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीपाशी गाडी थांबवायची, खाली वाकून बघायचं, "बेक्कार काम" म्हणायचं, पुढे निघायचं. रस्ता तसा चांगला आहे, मधेमधे पॅचवर्क. ताडोब्याला वाघ बघून परत जाणाऱ्या दोन जिप्सी दिसल्या. त्यातले लोक आमच्याकडे, म्हणजे मोरीत डोकं घातलेल्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थाकडे, मोठ्या कुतूहलाने बघत होते.

सिंदेवाहीला आलूबोंडा रस्सा, वीस रुपये प्लेट, रस्सा मागाल तितका. मूलमध्ये राईस मिलच्या रांगेजवळ एका खानावळीत भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि जवसाची चटणी. दोघांचे मिळून दोनशे. त्या भाताच्या वासावर मी फिदा झाले. येताना पोतं घ्यायचं तिथेच ठरवलं, कारण गाडीची डिकी रिकामी होती. या डिकीचं पुढे काय झालं ते येईलच.

व्याहाडनंतर वैनगंगा ओलांडली आणि दुपारी गडचिरोलीत लॉज घेतला. हजार रुपये, पंखा चालू, गरम पाणी बादलीने. संध्याकाळी बाबा हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेले आणि दाराआडून भाषण ऐकू आलं.

"बंधू-भगिनींनो! तोडणं सोपं असतं. बांधणं..." थोडा खोकला. "बांधणाऱ्याला विचारा!"

नळ सोडला असता तर मला काही ऐकू आलं नसतं. पण नळ वाहता ठेवणं बाबांच्या रक्तात नाही. लहानपणी दात घासताना नळ चालू राहिला म्हणून मी त्यांचा मार खाल्लेला आहे. मी गुपचूप त्यांची बॅग उघडली. दोन शर्ट, बीपीच्या गोळ्या, पाच मीटरचा टेप, सपाटी बघायची लेव्हल ट्यूब आणि बंधाऱ्याच्या नकाशांची पिवळी पडलेली गुंडाळी. म्हातारा फोडायला नाही, फोडू न द्यायला चालला होता!

ते बाहेर आले. मी म्हटलं, "बाबा, 'बंधू-भगिनींनो' जरा हळू म्हणा, छत खाली येईल."

"तू काऊन ऐकलं?"

"तुम्ही पहिला दगड काढला नाही तर बाकीचं गाव हात लावणार नाही. हे माहीत असूनच आलात ना?"

बाबा टॉवेलने कान पुसत राहिले. मग म्हणाले, "माझा एकच आहे गं तो." मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली, आणि या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की मी चहा मागवते.

दुसऱ्या दिवशी धानोरा रोडला लागलो. पेट्रोल गडचिरोलीतच भरा, पाणी सोबत ठेवा, आणि नेटवर्कचं म्हणाल तर विसरा. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. कुठून, कुठे, कशाला. बाबा म्हणाले, "बंधारा बघायला." त्याच क्षणी मी म्हणाले, "फोडायला." पोलीस गंभीरपणे म्हणाला, "आधी घरात एकमत करा, मग पुढं जा," आणि हसून दांडा वर केला. गावाचं नाव मी लिहिणार नाही. तुम्ही रील काढायला जाल.

मोहाचा हंगाम होता. झाडांखालचा पालापाचोळा साफ केलेला, बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. गोड, आंबूस वास गाडीत शिरला. बाबा मात्र समोर बघत ताठ बसले होते, बोर्डाच्या परीक्षेला निघाल्यासारखे.

आणि मग बंधारा दिसला.

फोटोत त्याच्यामागे पाणी आहे. प्रत्यक्षात काठोकाठ वाळू होती. भिंतीच्या माथ्यापर्यंत गाळ भरून सपाट मैदान झालेलं, त्यावर एक म्हैस निवांत बसलेली. पुराचं पाणी भिंतीला वळसा घालून डाव्या काठातून घुसतं आणि तिथली रैनूभाऊंची धानाची बांधी अर्धी खाऊन बसलंय. भिंतीखाली पाणी पडून पडून खोल खड्डा झालाय. दोन दिवसांपूर्वी अवकाळी बरसला होता, म्हणून भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा तेवढा घसरत होता.

भिंतीला मात्र बत्तीस वर्षांत एक तडा नव्हता. बाबांनी तिच्यावरून हात फिरवला. गालावरून फिरवतात तसा.

गडचिरोलीहून ब्रेकर मशीन आणि जनरेटर घेऊन सलीमभाऊ आले होते. पन्नाशीचे, तोंडात सुपारी, जिल्ह्यात काहीही पाडायचं असलं की यांनाच बोलावतात. त्यांनी भिंतीवर हातोडी मारून आवाज ऐकला आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला. साहेब, यात सिमेंट पुरं टाकलं होतं का तुमी?"

"पुरं म्हणजे? वाजवीपेक्षा एक पोतं जास्त!"

"मंग माह्यं नुकसान पक्कं. आजकालचं काम असतं तं लाथेनं पाडलं असतं."

बाबा इतके खूश झाले की त्यांनी सलीमभाऊंना स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. हळूहळू गाव जमलं, चाळीसेक माणसं. रैनूभाऊंनी बाबांना खुर्ची दिली. बाबा खुर्चीत बसले नाहीत. नकाशांची गुंडाळी काखेत धरून उभे राहिले आणि घसा साफ केला.

"बंधू-भगिनींनो! तोडणं सोपं असतं..."

"साहेब," समोर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "शिडी आनली का?"

ही जानोबाई. सत्तरीची, अंगाने काडी, आवाज खणखणीत. बाबा गोंधळले. "कोणती शिडी?"

सगळं गाव हसायला लागलं. त्या गावात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, फक्त बाबांना सोडून. बंधाऱ्याचं काम चालू असताना जानोबाई दगड वाहायला होती. तिने तेव्हा बाबांना सांगितलं होतं की पाणी चढलं की मासोळ्या याच नाल्याने वरच्या डोहात अंडी घालायला जातात, मधे जरा वाट सोडा. आणि माझे तरणेबांड, मिशीवाले बाबा हसून म्हणाले होते, "चिंता नको करू बाई, मी मासोळ्यांले शिडी लावून देईन."

"आमी तं खरंच समजलो जी," जानोबाई म्हणाली. "साहेबाचा सबूद. माह्या नवऱ्यानं दोन वर्षं वाट पाह्यली. म्हने, साहेब बिझी असन, आनन."

"मी... मी मजेत बोललो असेन."

"हाव, आता समजलं. तुमी बोला ना, भाषण करून राह्यले होते. आमी ऐकतो. शिडी कुठी हाये तेवढं अखरीले सांगजा."

बाबांनी नकाशांची गुंडाळी या काखेतून त्या काखेत घेतली. खरं सांगते, गंमत वाटून मी तोंडावर ओढणी धरली. पण माझा बाप कच्च्या गुरूचा चेला नाही. त्यांनी लगेच दुसरा पेच टाकला. म्हणाले, "मासोळ्यांले वर जायचंच हाये, हे कशावरून? मले दाखवा, मंग पाहू." मार्चमध्ये मासे चढत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जानोबाई शांतपणे उठली. "चला," म्हणाली. आणि त्यांचा हात धरून भिंतीखालच्या खड्ड्याशी घेऊन गेली. दोघं दगडावर बसले. मी मागे उभी राहिले. "डोहात टेंगरा होता, वाम होती हाताएवढी," ती सांगत होती. "आता माह्या नातीले नावं बी येत नाई."

पाच मिनिटं काहीच झालं नाही. बाबांच्या चेहऱ्यावर विजय दिसायला लागला.

मग पाण्यातून काहीतरी चांदीसारखं उडालं, भिंतीवर आपटलं आणि खाली पडलं. बोटाएवढा चपटा मासा. त्याचं नाव मी चौघांना विचारलं, चार नावं मिळाली. मग दुसरा उडाला. मग तीन एकदम. अवकाळीचं ते पातळ पाणी वरून येत होतं आणि त्या येड्यांना तेवढंच पुरेसं होतं. उडायचं, भिंतीला थडकायचं, पडायचं, पुन्हा उडायचं.

"दर पान्याले असंच करते," जानोबाई म्हणाली. "बत्तीस वर्षं झाली. एक बी वर गेली नाई."

बाबांनी दहा-बारा उड्या पाहिल्या. मग त्यांनी खिशातून टेप काढला. मला वाटलं, आता आणखी काहीतरी आडवं लावणार. पण ते चपला काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले, टेप भिंतीला उभा धरला आणि मासे मोजायला लागले. म्हणजे त्यांच्या उड्या! "दहा इंच... नऊ... लिही गं, बारा इंच!" मी मोबाईलमध्ये लिहीत होते. सलीमभाऊ, रैनूभाऊ, सगळे काठावर जमून प्रत्येक उडीला ओरडत होते. एकाने साडेतेरा गाठले तर टाळ्या पडल्या.

"जास्तीत जास्त साडेतेरा," बाबा पाण्यातून म्हणाले. "भिंत चार फूट." मग ते भिंतीला हात टेकून तसेच उभे राहिले. "हिनं मला सांगितलं होतं गं. काम चालू असताना सांगितलं होतं. दोन फुटाची वाट सोडायला मला काय जड होतं?"

मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण मधे पाणी होतं आणि आमच्या घरात असं जवळ जायची पद्धतही नाही. जानोबाईच म्हणाली, "बाहेर या साहेब. पाय गारठून राह्यले तुमचे."

मुक्काम रैनूभाऊंच्या घरी. भात, अंबाडीची भाजी, कोंबडीचा रस्सा. पैसे घेत नाहीत, त्यामुळे जाताना चहा-साखर घेऊन जा. मासे जेवणात नव्हते, आणि का नव्हते हे विचारायची आमची दोघांचीही हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर बाबा आधीच नाल्यावर, आणि नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नवीन नकाशा! आता ते फोडायला तयार होते, पण फोडायचं ते त्यांच्या पद्धतीने. भिंतीचे काठात रुतलेले दोन्ही बाजूंचे कान तसेच ठेवायचे, नाहीतर काठ ढासळेल. मधला भाग थराथराने उतरवायचा, म्हणजे वाळू एकदम धावणार नाही. तळाचा दीड फूट राहू द्यायचा, नाहीतर नाला खाली खोदत जाईल. आणि निघालेले दगड त्या दीड फुटाला लागून खालच्या खड्ड्यात लांबच लांब उतार करून रचायचे, पायरी पायरीने. एकही पायरी सहा इंचाच्या वर नको.

जानोबाई नकाशावर वाकली. तिला नकाशा कळला नाही, पण पायऱ्या कळल्या.

"शिडी," ती म्हणाली.

"उशीर झाला थोडा," बाबा म्हणाले.

रैनूभाऊंनी लोखंडी सब्बल बाबांच्या हातात दिली. माथ्यावरचा एक दगड आदल्या संध्याकाळी सलीमभाऊंनी थोडा सैल करून ठेवला होता, म्हाताऱ्या माणसाची फजिती नको म्हणून. बाबांनी सब्बल घातली आणि गावाकडे पाठ करून जोर लावला. दगड निघाला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून काठावर ठेवला. आणि चाळीस माणसं घण, सब्बल, घमेली घेऊन तुटून पडली. जनरेटर सुरू झाला.

दुपारपर्यंत सलीमभाऊंच्या ब्रेकरच्या दोन छिन्न्या तुटल्या. प्रत्येक वेळी ते कडाडून शिव्या घालत आणि प्रत्येक वेळी बाबांची छाती दोन इंच फुगत होती. "साहेब, कोनता बदला घेऊन राह्यले गरिबाचा?" असं ते म्हणाले, तेव्हा बाबांनी त्यांना नव्या छिन्नीचे पैसे देऊ केले आणि वर विचारलं, "पण काम कसं होतं, बोला?" पायऱ्या रचताना मात्र त्यांनी गावाला रडवलं. प्रत्येक दगडाला टेप. एक पायरी सात इंच भरली तर ती उकलून पुन्हा लावायला सांगितली. जानोबाई काठावरून त्यांची बाजू घेत होती. संध्याकाळी पाण्याची एक बारीक धार मधल्या वाटेने पायरी-पायरीने खाली उतरली आणि म्हैस उठून आली ते बघायला.

परतताना मूलला तांदळाच्या पोत्यासाठी डिकी उघडली तर माझ्या बॅगेखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. तो दगड. काठावरून कधी उचलला, कोणाकडून गाडीत ठेवून घेतला, देव जाणे. "बाबा, हा तिथेच ठेवायचा होता ना?" "रैनूले विचारून घेतला," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. पोतं मागच्या सीटवर ठेवावं लागलं आणि नागपूरपर्यंत गाडीभर तांदळाचा वास येत होता.

आईने दगड बघितला. "बत्तीस वर्षं फोटो पुसला, आता दगड पण पुसू?" एवढंच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी फोटो तिनेच खाली उतरवला आणि त्या जागी दगड ठेवायला एक स्टूल आणून दिलं. खरं सांगू, मला वाटलं होतं की बाबा खचतील. पण ते रोज पेपरमध्ये आधी पावसाचं पान उघडायचे. मी काही विचारलं की "बघू" म्हणायचे.

जुलैत रैनूभाऊंचा फोन आला. टेकडीवर चढून लावलेला, तरी आवाज तुटत होता. फोन जानोबाईने हिसकावून घेतला असावा.

"साहेब! चढली जी! कालपासून चढून राह्यली. आज वरच्या डोहात वाम दिसली, हाताएवढी. माह्या नातीले नेलं पाह्याले."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाथरूममध्ये गेले. मी सवयीने दाराशी कान लावला. भाषण नव्हतं. आतून नळाचा आवाज येत होता. पूर्ण सोडलेला नळ, धो धो, बादली भरून वाहत असावी. आई स्वयंपाकघरातून आली, मी तिच्याकडे बघितलं. आमच्यापैकी कोणीही नळ बंद करा म्हणालं नाही. फोनवर जानोबाई बोलतच होती.

थोड्या वेळाने बाबा बाहेर आले. तोंड धुतलेलं, डोळे लाल. "अजून काय म्हणत होती?"

"म्हणाली, लहान मासोळ्या तिसऱ्या पायरीपाशी अडखळतात. ती जरा उंच झाली."

"उंच?" बाबा ताडकन म्हणाले. "सहा इंच आहे ती! मी स्वतः मोजली!" मग ते खुर्चीवर बसले, दगडाकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"टेप दे. आणि तिला विचार, किती इंच कमी करू?"